'चेंबर ऑफ सीक्रेट्स' घरी बघायचाय? आधी कव्हरची मागची बाजू वाचा

हॅरी पॉटरचा दुसरा सिनेमा डिस्कवर विकत घेणारं आता कोण उरलंय, असं तुम्हाला वाटत असेल. पण ओटीटीवर ही मालिका आज एका ॲपवर असते, उद्या दुसऱ्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांनी हट्ट धरला की नेमकी तिसऱ्याच ॲपचं सबस्क्रिप्शन लागतं. डिस्क कपाटात असली की हा प्रश्न येत नाही. शिवाय वगळलेली दृश्यं, सेटवरच्या मुलाखती आणि लांब केलेली प्रत हा सगळा ऐवज डिस्कवर मिळतो.

अडचण एवढीच की या एका सिनेमाच्या बऱ्याच आवृत्त्या बाजारात फिरतात आणि पुढून सगळ्या सारख्याच दिसतात. तेच तिघं, तोच गंभीर चेहरा. फरक असतो तो मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. ती बाजू वाचता आली की अर्धं काम झालं.

पहिलं काम: आवृत्ती ठरवणं

ख्रिस कोलंबस दिग्दर्शित हा सिनेमा १५ नोव्हेंबर २००२ रोजी अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये लागला. थिएटरमधली लांबी १६१ मिनिटं. आठ सिनेमांच्या मालिकेत हा सगळ्यांत लांब आहे, आणि गंमत म्हणजे ज्या पुस्तकावर तो बेतलाय ते मालिकेतल्या छोट्या पुस्तकांपैकी. त्यामुळे यात पुस्तकातलं बरंच काही शाबूत राहिलंय, आणि मधे बसून बसून पायाला मुंग्याही येतात.

११ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत त्याची डीव्हीडी आणि व्हीएचएस कॅसेट आली. ही डीव्हीडी दोन डिस्कची. पहिलीवर सिनेमा, दुसरीवर बाकीचा मसाला: वगळलेली आणि लांबवलेली मिळून १९ दृश्यं, लेखिका जे. के. रोलिंग आणि पटकथाकार स्टीव्ह क्लोव्ह्ज यांच्या गप्पा, जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्या खोलीचा फेरफटका, रिमोटच्या बाणांवर खेळायचे खेळ. जुन्या बाजारात आजही सगळ्यांत जास्त दिसते ती हीच. घेताना मागे 'वाइडस्क्रीन' लिहिलंय की 'फुल स्क्रीन' ते बघा. दोन्ही वेगवेगळ्या विकल्या गेल्या आणि 'फुल' हा शब्द फसवा आहे. ती प्रत जुन्या चौकोनी टीव्हीसाठी बनवलेली. पडदा भरावा म्हणून चित्राच्या कडा उडवलेल्या. कोलंबसने सिनेमा खूप रुंद चौकटीत मांडलाय, २.४० ला १ च्या आसपास. ग्रेट हॉलमधली चार लांब टेबलं किंवा शेवटचं तळघर चौकोनी करून बघण्यात काही अर्थ नाही. फुल स्क्रीन फुकट मिळाली तरच घ्या.

डिसेंबर २००७ मध्ये ब्लू-रे आली आणि त्याच वेळी एचडी डीव्हीडीही. इथे सांभाळा. एचडी डीव्हीडी हे वेगळंच तंत्र होतं, २००८ मध्ये तोशिबाने त्यातून अंग काढून घेतलं आणि ते संपलं. या डिस्क साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाहीत, ब्लू-रेवरही नाहीत. ओळखायची सोपी खूण अशी, की ब्लू-रेची पेटी निळी असते आणि एचडी डीव्हीडीची लाल. परदेशातून कुणी जुन्या सामानातली लालसर पेटी पाठवली तर ती कपाटाची शोभा समजा.

डिसेंबर २००९ मधली 'अल्टिमेट एडिशन' ही संग्राहकांची लाडकी. जाडजूड खोकं, सोबत चित्रांचं पुस्तक, पात्रांवरचा लांब माहितीपट आणि मुख्य म्हणजे लांब केलेली प्रत, सुमारे १७४ मिनिटांची. त्यानंतर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या चार सिनेमांच्या ४के, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या, डिस्क आल्या.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. घरात मोठा टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर असेल तर साधी ब्लू-रे घ्या. डीव्हीडीच्या चित्रात ५७६ ओळी असतात, अमेरिकी डीव्हीडीत ४८०, ब्लू-रेत १०८०. पन्नास इंची पडद्यावर हा फरक चष्मा काढूनही दिसतो. ४केसाठी वेगळा प्लेअर लागतो. त्यात रंग आणि काळोख जास्त खुलतात, पण २००२ सालची संगणकावरची करामत त्यात उघडीही पडते, त्यामुळे केवळ या सिनेमासाठी एवढा खर्च मी सुचवणार नाही. मुलांना खेळ आणि फेरफटके हवे असतील तर २००३ ची दोन डिस्कवाली वाइडस्क्रीन डीव्हीडी सोबतीला घ्या. जुनी असल्याने स्वस्तात मिळते. अल्टिमेट एडिशन तुम्ही दुसऱ्यांदा प्रेमात पडलात की मग.

लांब केलेल्या प्रतीचा मोह पहिल्या वेळी टाळा. वाढीव दृश्यांत काही खरंच चांगली आहेत. नॉक्टर्न गल्लीतल्या त्या काळ्या जादूच्या दुकानात हॅरी लपलेला असताना लुशियस आणि ड्रेको मॅलफॉय आत येतात, तो प्रसंग थिएटरच्या प्रतीत गेलाच आहे, आणि त्यातून मॅलफॉय बाप-लेकांचं नातं चटकन कळतं. पण आधीच लांब असलेल्या सिनेमात आणखी तेरा मिनिटं घातल्यावर पहिला तास रेंगाळतो. नवख्या माणसाने १६१ मिनिटांचीच बघावी.

व्हीसीडीबद्दल दोनच वाक्यं. जुन्या बाजारात त्या ढिगाने मिळतात, चित्र धूसर असतं, सिनेमा अनेक डिस्कवर तुकडे करून येतो, सबटायटल निवडता येत नाहीत. पुढे जा.

दुसरं काम: तुमच्या प्लेअरवर चालेल का?

डीव्हीडीच्या मागे एक छोटा पृथ्वीचा गोल असतो आणि त्यात आकडा. हा 'रीजन', म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी बनवली ते. भारताचा ५, अमेरिका-कॅनडाचा १, युरोप, जपान आणि आखाती देशांचा २. आकड्याऐवजी '० ' किंवा 'ऑल' असेल तर कुठेही चालेल. न्यू जर्सीच्या मावशीने किंवा दुबईच्या काकांनी आणलेली डिस्क घरच्या प्लेअरने नाकारली, तर बहुतेक वेळा कारण हेच. आपल्याकडचे बरेच स्वस्त डीव्हीडी प्लेअर कुठलाही रीजन खपवून घेतात, नामांकित कंपन्यांचे सहसा नाही.

लॅपटॉपवर बघणार असाल तर विशेष लक्ष द्या. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो. पाचव्या वेळी जो रीजन असेल तो कायमचा. भाचा कौतुकाने अमेरिकी डिस्क लावून बघतो, मग भारतीय, मग पुन्हा अमेरिकी, आणि ड्राइव्ह बसते अडकून. स्क्रीनवर रीजन बदलायचा प्रश्न आला की 'ओके' दाबण्याआधी थांबा.

ब्लू-रेचे विभाग वेगळे: अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. हा सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर कंपनीच्या बऱ्याच ब्लू-रेंवर असं बंधन नसतं, पण विकणाऱ्याला विचारून खात्री करा. ४के डिस्कना विभागच नाहीत.

आता एक अशी गोष्ट जिच्यावरून विनाकारण भांडणं होतात. भारतातल्या किंवा ब्रिटनमधल्या डीव्हीडीच्या मागे लांबी १६१ ऐवजी १५४-१५५ मिनिटं लिहिलेली दिसेल. सिनेमा कापलेला नाही. थिएटरमध्ये सेकंदाला २४ चित्रं पळतात, पाल पद्धतीच्या, म्हणजे भारत-ब्रिटनमधल्या टीव्हीसाठीच्या, डीव्हीडीवर २५. म्हणजे सगळा सिनेमा चार टक्के भरभर धावतो आणि साडेसहा मिनिटं आपोआप वाचतात. आवाजही किंचित चढा होतो. कान तयार असेल तर जॉन विल्यम्सच्या संगीतात ते जाणवतं, बाकीच्यांना नाही. ब्लू-रेवर मूळ वेग असतो.

भाषा

घरात आजी-आजोबा किंवा इंग्रजी वाचायला न शिकलेली लहान मुलं असतील तर ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. सिनेमाचं हिंदी, तमिळ आणि तेलुगू डबिंग झालेलं आहे, पण ते प्रत्येक डिस्कवर नसतं. मागच्या बाजूला 'ऑडिओ' आणि 'सबटायटल' अशा दोन वेगळ्या यादी असतात. हिंदी पहिल्या यादीत आहे का ते बघा. परदेशातून आलेल्या डिस्कवर हिंदीची अपेक्षा धरू नका, तिथे फ्रेंच-स्पॅनिश असतं. मराठी कुठल्याच यादीत शोधू नका. मराठीतूनच गोष्ट हवी असेल तर भोपाळच्या मंजुल पब्लिशिंग हाउसने पुस्तकांचे मराठी अनुवाद काढलेत. मुलांना आधी ते वाचून दाखवून मग इंग्रजी सिनेमा लावला तर त्यांना बहुतेक सगळं समजतं.

मोठ्यांनी मात्र मूळ आवाजातच बघावा. केनेथ ब्रॅनाचा गिल्डरॉय लॉकहार्ट, स्वतःच्याच फोटोंवर खूश असलेला तो गुरुजी, निम्मा आवाजात आहे. डॉबी या बुटक्या जादुई नोकराचा रडवेला सूर टोबी जोन्सचा. इंग्रजी सबटायटल लावून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही, शाळेचा धिप्पाड राखणदार हॅग्रिडचं बोलणं पहिल्या फटक्यात कुणालाच कळत नाही.

खरेदी

दुकानांचे दिवस गेले. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, आणि नवीन डिस्कचा व्यवहार बहुतेक ऑनलाइनच उरला. जुन्या डिस्क मात्र अजून सापडतात: पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात, आणि संग्रह मोडीत काढणाऱ्यांच्या जाहिरातींत.

जुनी डिस्क घेताना पेटी उघडून बघायचा आग्रह धरा. खालची बाजू जांभळट असेल तर ती घरगुती कॉपी. कारखान्यातून निघालेली डीव्हीडी चंदेरी असते, दोन थरांची असेल तर फिक्या सोनेरी झाकेची. एकाच डिस्कवर चार-पाच सिनेमे असतील तर तीही चोरीचीच, आणि चित्र असं दाबलेलं असतं की तळघरातला अंधार म्हणजे नुसते करडे चौकोन. डिस्क उजेडाकडे धरून तिरकी करा. केंद्राकडून कडेकडे जाणारे बारीक ओरखडे सहसा त्रास देत नाहीत. गोल, डिस्कच्या फिरण्याच्या दिशेने गेलेले ओरखडे देतात. दोन डिस्कचा संच असेल तर दोन्ही आहेत का ते मोजा, कारण बरेचदा एकच उरलेली असते आणि ती खेळांचीच असते.

वॉर्नरच्या डीव्हीडींबद्दल आणखी एक माहिती हवी. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आपोआप खराब होतात, हे कंपनीने २०२५ मध्ये मान्य केलं. वरून डिस्क स्वच्छ दिसते, पण सिनेमा मधेच अडकतो, बहुतेकदा उत्तरार्धात. प्रत्येक डिस्कचं असं होत नाही. तरी त्या काळातला संच जुना घेत असाल तर शेवटची वीस मिनिटं तिथल्या तिथे लावून बघा, सुरुवातीची पाच बघून समाधान मानू नका. चांगल्या डिस्कमध्येही मध्यावर क्षणभर चित्र थबकतं. ते पहिल्या थरावरून दुसऱ्या थरावर जाताना होतं, तो दोष नव्हे.

अमेरिकी संच घेत असाल तर पहिल्या सिनेमाचं नाव तिथे वेगळं आहे, 'सॉर्सरर्स स्टोन'. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये 'फिलॉसॉफर्स स्टोन'. दोन्ही एकच, दोनदा घेऊ नका. दुसऱ्याचं नाव सगळीकडे सारखं आहे. आणि हो, पहिला बघितला नसेल तर आधी तो बघा. दुसऱ्यात हॅरी कोण, त्याच्या कपाळावर खूण कसली, घरच्यांना त्याचा राग का, हे कुणी पुन्हा सांगत बसत नाही.

टीव्हीची तयारी

दहा मिनिटांचं काम, पण लोक हेच सोडतात. प्लेअर एचडीएमआय वायरने जोडा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना वापरल्या तर ब्लू-रे घेऊन काही फायदा नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा प्रकार 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. कंपनीनुसार तिला नावं वेगळी असतात, पण ती चालू असेल तर सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

वर-खाली काळे पट्टे दिसतील. ते तसेच असू द्या. 'झूम' दाबून पडदा भरायचा मोह घरातल्या एका तरी माणसाला होतोच. त्याच्याकडे रिमोट देऊ नका. पट्टे चारही बाजूंनी असतील तर मात्र काहीतरी चुकलंय: प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ४:३ राहिलाय, तो १६:९ करा.

संवाद हळू आणि स्फोट मोठे, ही तक्रार असेल तर प्लेअरचा आवाज 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम' वर ठेवा. डिस्कवरचा आवाज सहा वाटांचा असतो आणि संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तो स्पीकरच घरी नसेल तर ते कुठेतरी हरवतात.

आता लावा

खोलीतले दिवे घालवा, सिनेमाचा उत्तरार्ध खूप काळोखा आहे. लहान मुलं सोबत असतील तर दोन जागा आधीच ठाऊक असू द्या. पहिली जंगलातली: 'कोळ्यांच्या मागे जा' असं हॅग्रिड सांगतो, आणि हॅरी-रॉन खरंच जातात. ब्रिटनच्या सेन्सॉरने पीजी प्रमाणपत्र देताना इशाऱ्यात कोळ्यांचा खास उल्लेख केला होता, यावरून काय ते समजा. दुसरी शेवटची, सापाची. ज्याला कोळ्यांची खरोखर भीती आहे त्याच्यासाठी रिमोटवरचं पुढच्या प्रकरणाचं बटण आहे, गोष्टीचा धागा तुटत नाही.

भित्र्या मुलांना पडद्यामागची माहिती दिली की भीती निम्मी होते. तो मोठा कोळी, ॲरागॉग, प्रत्यक्षात बनवलेला यांत्रिक पुतळा होता, पायांचा पसारा १८ फुटांचा. तळघराचं सापांचं कुलूप असलेलं गोल दार हे संगणकाचं काम वाटतं, पण ते खरं चालणारं यंत्र आहे. आणि तळघर लंडनजवळच्या लीव्ह्सडेन स्टुडिओत बांधलेला सेट, लांबी सुमारे २५० फूट. उडणारी निळी फोर्ड अँग्लिया आगगाडीच्या मागे लागते तो कमानींचा पूल मात्र खराखुरा, स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन. सिनेमा संपेपर्यंत मुलांना हे सगळं पाठ होतं.

मध्यंतर डिस्कवर नसतं, ते तुम्हालाच करायचं. द्वंद्वाचा वर्ग संपतो, हॅरी सापाशी बोलतो आणि सगळी शाळा त्याच्याकडे संशयाने बघायला लागते, तिथे थांबवा. जवळपास मध्य आहे, आणि चहाबरोबर 'मग वारस कोण?' यावर घरात वादही रंगतो. पुस्तक वाचलेल्याने तेवढा वेळ स्वयंपाकघरात जावं.

डम्बलडोरच्या भूमिकेतल्या रिचर्ड हॅरिसकडे नीट बघा. सिनेमा लागायच्या काही दिवस आधी, २५ ऑक्टोबर २००२ रोजी ते गेले. तिसऱ्या सिनेमापासून मायकेल गॅम्बन दिसतील. एकामागून एक बघणाऱ्या मुलांना 'हे आजोबा बदलले का?' असं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवा.

शेवटी नावांची पाटी सुरू झाली की कुणीतरी दिवा लावतो आणि डिस्क काढायला उठतो. त्याला बसवा. नावं संपल्यावर एक छोटं दृश्य आहे, पुस्तकांच्या दुकानाच्या खिडकीतलं. या मालिकेत असा प्रकार फक्त याच सिनेमात आहे. थांबायचा कंटाळा असेल तर भरभर पुढे न्या, पण शेवटच्या प्रकरणात थांबा.

दुसरी डिस्क आणि साठवण

दुसरी डिस्क त्याच रात्री लावू नका, रविवारी दुपारी लावा. मुलांना खेळ देऊन टाका. लॉकहार्टचा वर्ग आणि निषिद्ध जंगलाची परीक्षा हे आजच्या मोबाइलपुढे अगदीच साधे आहेत, पण आठ-नऊ वर्षांची पोरं त्यात अर्धा तास सहज रमतात. बाण दाबल्यावर प्लेअर सावकाश हलतो. बटण पुन्हा पुन्हा दाबलं की अडकतो, एवढं बजावून ठेवा. संगणकावर चालवायचा म्हणून जो विभाग आहे तो सोडून द्या, त्याचे दिवस संपले. मोठ्यांसाठी खरी मेजवानी ती १९ दृश्यं आणि रोलिंग-क्लोव्ह्ज यांची चर्चा. पुस्तकातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, यावर दोघं मोकळेपणाने बोलतात.

ठेवताना डिस्क पेटीत आणि पेटी उभी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी कव्हरला बुरशी धरते, म्हणून नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी कपाटात टाका. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. आणि डिस्कवर पेनने नाव लिहू नका, वरच्या बाजूलासुद्धा. शेजारी उसनी नेणारच असतील तर नाव पेटीवर लिहा.